राजर्षी शाहूंचा मृत्यू आणि छातीतल्या कळेचा दीडशे वर्षांचा शोध

१/ ६ मे १९२२. मुंबईत खेतवाडीतील ‘पन्हाळा लॉज’ येथे राजर्षी शाहू छत्रपतींचे हृदयविकाराने निधन झाले. वय अवघे ४७ वर्षे. माणगावच्या ऐतिहासिक परिषदेला जेमतेम दोन वर्षे झाली होती.

२/ खासबागचे कुस्ती मैदान उभारणारा, स्वतः धिप्पाड देहाचा हा राजा. मुक्काम मुंबईसारख्या शहरात. तरीही त्यांना वाचवता आले नाही. त्या काळी हृदयविकाराविषयी वैद्यकाला नेमके काय ठाऊक होते? आजचा थ्रेड याच प्रश्नाचा.

३/ ही व्यथा जुनीच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘हृच्छूल’ म्हणजे हृदयाच्या ठिकाणी उठणाऱ्या शूळाचे वर्णन आहे. मात्र तो शूळ हृदयाच्या कोणत्या बिघाडातून येतो, हे कळायला फार मोठा काळ जावा लागला.

४/ १७६८ साली लंडनमध्ये विल्यम हेबर्डन या वैद्याने एक निबंध वाचला. तो १७७२ मध्ये छापला गेला. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत घुसमटवणारी वेदना उठते. थांबताच ती ओसरते, असे त्याने नोंदवले. तिला त्याने लॅटिन नाव दिले ‘अंजायना पेक्टोरिस’. अर्थ, छातीची घुसमट.

५/ जोतिबाच्या पायऱ्या किंवा पन्हाळ्याचा चढ डोळ्यांसमोर आणा. चढताना हृदयाला अधिक रक्त लागते. त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या असतील, तर ही वाढीव गरज भागत नाही आणि कळ येते. विसावा घेतला की गरज घटते, कळ थांबते. हेबर्डनचे निरीक्षण अचूक होते. कारण मात्र त्याला उमगले नव्हते.

६/ ते कारण प्रथम हेरणाऱ्यांत एक परिचित नाव आहे : देवीच्या लशीचा एडवर्ड जेन्नर. अंजायनाने मेलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात त्याला हृदयाच्या धमन्या कठीण झालेल्या आढळल्या. त्याचे गुरू, प्रख्यात शल्यविशारद जॉन हंटर, याच व्याधीने पीडित होते. त्यांना धक्का बसू नये म्हणून जेन्नरने आपला तर्क जाहीर केला नाही.

७/ १७९३ साली रुग्णालयाच्या एका बैठकीत वादावादी झाली आणि हंटर तिथेच कोसळून मरण पावले. शवविच्छेदनात त्यांच्याही हृदयाच्या धमन्या तशाच निघाल्या. शिष्याचा तर्क खरा ठरला होता.

८/ पुढे उपाय आले ते वेदना शमवण्यापुरते. १८६७ मध्ये ब्रंटनने अमिल नायट्राइट हुंगायला दिले. १८७९ मध्ये मरेलने नायट्रोग्लिसरीन वापरले. डायनामाइटमध्ये असते तेच हे द्रव्य! डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल यांनाही अखेरच्या दिवसांत हृदयविकारावर तेच औषध सुचवले गेले.

९/ १९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी दाखवून दिले, की हृदयाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली तरी मनुष्य लगेच मरतोच असे नाही. त्याच सुमारास हॉलंडमध्ये आइन्थोव्हेन यांचे ईसीजी यंत्र आकाराला आले होते. परंतु हे ज्ञान जगभरच्या रुग्णशय्येपर्यंत पोहोचायला वेळ लागणार होता.

१०/ म्हणजे १९२२ च्या डॉक्टरांच्या हाती काय होते? पूर्ण विश्रांती, नायट्राइट, वेदनाशामक मॉर्फिन आणि प्रतीक्षा. गुठळी विरघळवणे किंवा धमनी उघडणे राजालाही अप्राप्य होते.

११/ पुढच्या काळात चित्र पालटले. १९६० मध्ये छाती दाबून थांबलेल्या हृदयाचे रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. १९७७ मध्ये झुरिकला ग्रुंटझिग यांनी जाग्या रुग्णावर हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली. १९८० च्या दशकात गुठळी विरघळवणारी औषधे रूढ झाली.

१२/ १९१९ मध्ये शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील सरकारी दवाखान्यांत अस्पृश्य रुग्णांना समानतेने व ममतेने वागवण्याचा आदेश काढला होता. कोल्हापूरचे जुने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, अर्थात ‘सीपीआर’, म्हणून ओळखले जाते. योगायोग असा, की छाती दाबून प्राण वाचवण्याच्या पद्धतीचे संक्षिप्त नावही सीपीआरच!

१३/ जे उपचार राजाला मिळू शकले नाहीत, ते आज कोल्हापुरात होतात. पण एक अट आहे, वेळेची. धमनी बंद राहिली, की हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. आणि आपल्या घरांत मौल्यवान तास कुठे जातात? ‘रस्सा तिखट होता, गॅस झाला असेल, सकाळी बघू’ यात!

१४/ म्हणून हेबर्डनचा धडा लक्षात ठेवा. श्रमाने येणारी आणि विसाव्याने काही मिनिटांत जाणारी कळ हा इशारा आहे; लवकर डॉक्टरांना दाखवा. पण बसल्या जागी आलेली, दहा-पंधरा मिनिटांत न थांबणारी, वाढत जाणारी कळ ही आणीबाणी होय.

१५/ छातीवर दडपण. हात, जबडा, पाठ वा पोटाच्या वरच्या भागात पसरणारी वेदना. दरदरून घाम, धाप, मळमळ. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांच्यात ठळक वेदना नसतानाही केवळ धाप किंवा विलक्षण थकवा दिसू शकतो.

१६/ अशा वेळी १०८ ला फोन करा. रुग्णाला बसवा, चालवू नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका. जिभेखालची गोळी त्यालाच डॉक्टरांनी दिलेली असेल तरच द्या, शेजाऱ्याची नको. शुद्ध हरपली आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा.

१७/ शाहू महाराज गेले तेव्हा ४७ वर्षांचे होते. तुमच्यापैकी अनेकांचे आई-वडील आज त्याच वयाचे असतील. हा थ्रेड आधी त्यांना वाचून दाखवा.