लयबद्ध ध्वनिसंकेत (पार्किन्सन रोगातील चाल-पुनर्वसन)

लयबद्ध ध्वनिसंकेत ही पार्किन्सन रोगामुळे (कंपवातामुळे) बिघडलेली चाल सुधारण्यासाठी वापरली जाणारी एक पुनर्वसन-पद्धती आहे. ठरावीक अंतराने पडणारा ठोका रुग्णास ऐकविला जातो व प्रत्येक ठोक्यास एक पाऊल टाकावयास सांगितले जाते. हा ठोका मेट्रोनोमचा, टाळीचा, मोठ्याने मोजलेल्या अंकांचा किंवा ठळक ठेक्याच्या संगीताचा असू शकतो. या पद्धतीने रोग बरा होत नाही आणि औषधांची गरजही संपत नाही. मात्र पावलाची लांबी, चालण्याचा वेग आणि पावलांमधील सारखेपणा यांत अनेक रुग्णांच्या बाबतीत ठोका ऐकू येताच फरक दिसतो. ठोक्याची लय किती ठेवावी, हा या पद्धतीतील कळीचा प्रश्न होय. ती चुकल्यास चाल सुधारण्याऐवजी बिघडू शकते.

संज्ञा

मराठी संगीतपरिभाषेत लय, ताल, मात्रा आणि ठेका यांचे अर्थ वेगवेगळे आहेत, आणि हा भेद येथे फार उपयोगी पडतो. या लेखात ‘लय’ म्हणजे दर मिनिटास पडणाऱ्या ठोक्यांची संख्या, म्हणजेच गती. विलंबित व द्रुत ही विशेषणे ज्या अर्थाने लयीला लावली जातात तोच हा अर्थ होय. ‘ठोका’ म्हणजे एक मात्रा. रुग्ण ठोक्यागणिक चालतो. तालाचे संपूर्ण आवर्तन त्याला कळलेच पाहिजे असे नाही.

चालीतील बिघाड

लंडनमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. पुढे झुकलेले शरीर आणि चालता चालता धावण्याकडे होणारा कल ही लक्षणे त्यांनी तेव्हाच नोंदविली होती. मेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी क्रमाक्रमाने नष्ट झाल्याने बेसल गँग्लिया या केंद्रसमूहाचे कार्य विस्कळीत होते. रोजच्या सवयीच्या हालचाली विचार न करता, योग्य आकाराच्या व योग्य वेळी करवून घेणे हे या समूहाचे एक प्रमुख काम आहे. ते बिघडले की पाऊल आखूड पडते, टाच उचलली जात नाही, हात हलत नाहीत आणि वळताना अनेक बारीक पावले टाकावी लागतात.

याहून त्रासदायक अवस्था म्हणजे पाऊल गोठणे. चालायला सुरुवात करताना, वळताना, दाराच्या चौकटीतून जाताना किंवा घाईच्या वेळी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. धड पुढे जाऊ पाहते, पाय मात्र मागे राहतात. अशा वेळी तोल जाऊन पडण्याचा धोका मोठा असतो. घरच्या माणसांना हा प्रकार कित्येकदा हट्टीपणा किंवा आळस वाटतो; वस्तुतः रुग्णाची इच्छा व स्नायूंची ताकद शाबूत असतानाही हे घडते. लेव्होडोपाने चालीचे काही दोष सुधारतात, पण गोठणे प्रत्येक वेळी त्याला दाद देत नाही. त्यामुळेच औषधाखेरीज अन्य उपायांची गरज भासली.

इतिहास

एरवी पाऊल टाकू न शकणारा रुग्ण एखाद्या बाह्य कारणाने अचानक सहज चालू लागतो, हे चिकित्सकांच्या ध्यानात बऱ्याच आधी आले होते. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ आशिल सूक यांनी १९२१ साली अशा हालचालीस ‘विरोधाभासी हालचाल’ या अर्थाचे नाव दिले. इंग्लंडमध्ये जेम्स पर्डन मार्टिन यांनी मेंदूज्वरोत्तर कंपवाताच्या रुग्णांचा अभ्यास केला. जमिनीवर आडव्या रेषा आखल्यास त्या ओलांडत रुग्ण चालू शकतात, असे त्यांनी १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. ऑलिव्हर सॅक्स यांनी न्यूयॉर्कमधील अशाच रुग्णांवर संगीताचा होणारा परिणाम ‘अवेकनिंग्ज’ (१९७३) या पुस्तकात वर्णिला. हे पुस्तक लोकप्रिय झाल्याने पुष्कळदा विसरले जाते की त्यातील रुग्णांचा आजार निद्रारोगसदृश मेंदूज्वरानंतर उद्भवलेला होता. तो आज सर्वत्र आढळणारा पार्किन्सन रोग नव्हे.

ध्वनिसंकेतांचा मोजमापासह पद्धतशीर अभ्यास १९९०च्या दशकात झाला. त्याच सुमारास मेलबर्न येथे मेग मॉरिस व रॉबर्ट इयान्सेक यांनी दाखवून दिले की पार्किन्सन रोगात मूळ अडचण पावलाच्या लांबीची आहे. आखूड पावलांची भरपाई करण्यासाठी रुग्ण ती अधिक भरभर टाकतो. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात मायकेल थाउट व सहकाऱ्यांनी लयबद्ध ठोक्यावर आधारित प्रशिक्षण-पद्धती विकसित केली. १९९६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग या विषयातील पायाभूत मानला जातो.

परिणामाची कारणमीमांसा

पाऊल केव्हा उचलावे याचा अंतर्गत इशारा निरोगी मेंदूत बेसल गँग्लिया व पूरक प्रेरक क्षेत्र यांच्या साखळीतून मिळतो. हा इशारा क्षीण झाल्यावर बाहेरचा ठोका त्याची जागा घेतो आणि हालचाल अनुमस्तिष्क व अग्रप्रेरक क्षेत्र यांच्या तुलनेने शाबूत मार्गाने घडून येते, असे एक स्पष्टीकरण आहे. नियमित ठोक्यात पुढील ठोका कधी पडणार हे आधीच कळते, त्यामुळे स्नायूंना पूर्वतयारीस अवधी मिळतो. दुसरे स्पष्टीकरण अवधानाचे आहे: ठोका ऐकताना रुग्णाचे लक्ष चालण्यावर केंद्रित होते व सवयीने होणारी क्रिया तो जाणीवपूर्वक करू लागतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असण्याची शक्यता अधिक. ज्यांची लयीची जाण चांगली आहे अशा रुग्णांना लाभ अधिक होतो, असेही अभ्यासांत आढळले आहे.

लयीची निवड

प्रथम रुग्णाची नैसर्गिक गती मोजली जाते. कोणताही ठोका न ऐकविता त्याला सोयीस्कर वेगाने चालावयास सांगून ३० सेकंदांतील पावले मोजतात व त्यांची दुप्पट करतात. ४८ पावले भरली तर गती मिनिटास ९६ होते. ठोका प्रथम याच लयीत लावतात. रुग्णाचे पाऊल ठोक्याशी जुळू लागल्यावरच लय थोडी बदलतात.

वेग वाढविण्यासाठी लय वाढवावी, हा विचार स्वाभाविक वाटतो, पण तो सरसकट लागू पडत नाही. वेग म्हणजे पावलाची लांबी व पावलांची संख्या यांचा गुणाकार. ९६ पावले, प्रत्येकी ४५ सेंटिमीटर, म्हणजे मिनिटास सुमारे ४३ मीटर. लय १० टक्क्यांनी वाढवून १०६ केली आणि त्या घाईत पाऊल ३८ सेंटिमीटरवर आले, तर अंतर सुमारे ४० मीटरच भरते. रुग्ण अधिक धडपडतो आणि कमी अंतर कापतो. पाऊल गोठण्याचा त्रास असलेल्यांत नेमके हेच घडू शकते. गोठणाऱ्या व न गोठणाऱ्या रुग्णांची तुलना करणाऱ्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, न गोठणाऱ्यांचे पाऊल नैसर्गिक गतीहून १० टक्के अधिक लयीत लांबले, तर गोठणाऱ्यांचे पाऊल १० टक्के कमी लयीत लांबले. म्हणून वरील उदाहरणातील रुग्णास गोठण्याचा त्रास असेल तर ठोका १०६ वर नव्हे, ८६ च्या आसपास ठेवणे श्रेयस्कर ठरते. सुटलेल्या घाईच्या चालीला वेसण घालण्याचे कामही संथ ठोकाच करतो. मोबाइलवरील एखाद्या ॲपमधली तयार लय किंवा आवडीचे जलद गाणे मोजमाप न करता लावणे त्यामुळे धोक्याचे आहे.

संगीत निवडताना तालाचे गणितही पाहावे लागते. मात्रेगणिक एक पाऊल टाकल्यास आठ मात्रांच्या केरव्यात (४+४) प्रत्येक विभागाची पहिली मात्रा नेहमी त्याच पायावर येते. सहा मात्रांच्या दादऱ्यात (३+३) ती एकदा डाव्या व एकदा उजव्या पायावर पडते. चालण्यासाठी दोन किंवा चार मात्रांच्या विभागांचे संगीत सोयीचे ठरते ते याच कारणाने. लष्करी संचलनगीतांची घडणही अशीच असते. आलापी किंवा लय बदलत जाणाऱ्या रचना कितीही मधुर असल्या तरी या कामी निरुपयोगी होत.

मेट्रोनोम व संगीत यांशिवाय इतर ध्वनीही अजमावले गेले आहेत. खडीवर पडणाऱ्या पावलांचा आवाज ऐकविल्यास पावलांतील अनियमितता कमी होते, असे बेलफास्ट येथील संशोधकांना आढळले. अमेरिकेतील सेंट लुईस येथे झालेल्या अभ्यासांत मनातल्या मनात गाणे म्हणत चालल्याने पावलांची अनियमितता वाढत नाही, उलट घटते असे दिसले. या उपायास कोणतेच यंत्र लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. जपानमध्ये रुग्णाच्या पावलांनुसार स्वतःची लय जुळवून घेणारी यंत्रणा विकसित करण्यात आली असून, एकसुरी ठोक्यापेक्षा तिच्या साहाय्याने चाल अधिक नैसर्गिक राहते, असे तिच्या निर्मात्यांनी दाखविले आहे.

प्रशिक्षण

सराव औषधाचा अंमल असताना, मोकळ्या व सपाट जागी आणि सोबतीस कोणी असताना सुरू करतात. थाउट यांच्या प्रयोगात रोज ३० मिनिटे सराव होता व त्यात सपाट चालण्याबरोबर पायऱ्या चढणे आणि थांबून पुन्हा निघणे यांचा समावेश होता. गोठणाऱ्या रुग्णास थेट पाऊल उचलण्यास सांगत नाहीत. आधी जागीच, ठोक्यावर, शरीराचे वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यावयाचे आणि मग ठरलेल्या ठोक्यास मोठे पाऊल टाकावयाचे. सोबत्याने हात धरून ओढू नये. त्याने ‘एक-दोन, एक-दोन’ असे संथपणे मोजणे अधिक उपयुक्त ठरते. पुढे ठोका मधूनमधून बंद करून तीच लय मनात टिकविण्याचा सराव देतात.

संशोधनाचे निष्कर्ष

१९९६ सालच्या प्रयोगात १५ रुग्णांनी ठोक्यावर, ११ रुग्णांनी ठोक्याविना सराव केला व ११ रुग्णांना कोणताच सराव नव्हता. तीन आठवड्यांनंतर पहिल्या गटाचा वेग २५ टक्क्यांनी व दुसऱ्या गटाचा ७ टक्क्यांनी वाढला. तिसऱ्या गटाचा ७ टक्क्यांनी घटला. आकडे उत्साहवर्धक असले तरी गट लहान होते. बेल्जियम, नेदरलँड्स व इंग्लंड येथील १५३ रुग्णांचा ‘रेस्क्यू’ हा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांच्या घरी तीन आठवडे सराव घेण्यात आला, आणि लाभ दिसला तो माफक होता: वेगात सेकंदास सुमारे ५ सेंटिमीटर, पावलात सुमारे ४ सेंटिमीटर. गोठण्याची तीव्रताही गोठणाऱ्या रुग्णांत थोडी कमी झाली. मात्र सहा आठवड्यांनी पाहता हा लाभ बराच ओसरला होता. या क्षेत्रातील सर्वांत प्रामाणिक धडा याच निष्कर्षातून मिळतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ६० रुग्णांच्या प्रयोगात २४ आठवडे अखंड सराव करणाऱ्यांचे पडण्याचे प्रमाण मध्ये दोन महिने सराव थांबविणाऱ्यांपेक्षा कमी राहिले. २०१४ सालच्या युरोपीय भौतिकोपचार मार्गदर्शिकेत चालण्यासाठी संकेतांचा वापर शिफारस केलेला आहे.

मर्यादा

ऐकू कमी येणारे, बोधनक्षमता लक्षणीय घटलेले व लयीशी पाऊल जुळवू न शकणारे रुग्ण यांना या पद्धतीचा फारसा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी जमिनीवरील रेषा किंवा मनगटावरील कंपने हे पर्याय आहेत. रस्त्यावर दोन्ही कानांत इअरफोन घालून चालल्यास वाहनांचे आवाज ऐकू येत नाहीत. गर्दीत, खाचखळग्यांच्या वाटेवर ठोक्याचा आग्रह सोडून पायाखाली पाहणेच इष्ट. ज्यांना वारंवार पडण्याचा त्रास आहे त्यांनी सराव भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच सुरू करावा, कारण पडण्यामागे उठल्यावर रक्तदाब उतरणे यांसारखी अन्य कारणेही असू शकतात व ठोक्याने ती दूर होत नाहीत.

महाराष्ट्रात

पुणे येथे पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण व शुभंकरांचा स्वमदत गट कार्यरत आहे. नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यात पार्किन्सन रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालविले. नृत्यात ताल असला तरी ते आणि येथे वर्णिलेली पद्धती एकच नव्हेत: नृत्यात वळणे, तोल, हातांच्या हालचाली व सहवास यांनाही स्थान असते, तर ध्वनिसंकेतांत एका व्यक्तीच्या मोजलेल्या गतीनुसार ठरविलेला ठोका असतो.