सिंगापूरची वाघ-आमरी

टायगर ऑर्किड ही जगातल्या सर्वांत मोठ्या आमरींपैकी एक. उंच झाडांच्या बेचक्यांत, क्वचित खडकांवरही ती वाढते, आणि जुन्या बेटाचे वजन टनाच्या घरात जाते. दोन मीटरहून लांब दांड्यावर तपकिरी ठिपक्यांची पिवळी फुले लागतात, पण बहर दरवर्षी येत नाही. १८२५ मध्ये ब्लूमे या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन केले.

सिंगापूरच्या रानात ती मूळचीच. एकोणिसाव्या शतकात मिरी आणि गँबियरच्या मळ्यांनी ते रान खाल्ले. गँबियर या झुडपाची पाने अर्कासाठी उकळायला सरपण लागे, तेही शेजारच्या जंगलातूनच येई. जमिनीचा कस गेला की मळेवाले पुढचे रान तोडत. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनियल कँटली यांनी राखीव वनांचा आग्रह धरला. त्यातून १६३ मीटर उंचीच्या बुकित तिमाह या ग्रॅनाइटच्या टेकडीवरचे जंगल वाचले, तरी तिच्या उतारांवर पुढे दगडखाणी चालल्याच. सिंगापूरच्या रानातून मात्र टायगर ऑर्किड नाहीशी झाली.

ती टिकली बागेत. तांगलिन भागातले हे वनस्पती उद्यान १८५९ चे; तिथे १८६१ मध्ये लावलेले तिचे बेट प्रसिद्ध आहे.

तिच्या परतीची वाट मात्र व्यापारी फुलांच्या कामातून निघाली. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात कोंबाला पुरेल असा अन्नसाठा नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, त्यामुळे लाखो बिया वाया जातात. उद्यानाचे संचालक एरिक होल्टम यांनी १९२८ च्या सुमारास बी निर्जंतुक बाटलीत, साखर आणि क्षार घातलेल्या अगरवर रुजवण्याची पद्धत इथे आणली. हेतू होता नवे संकर तयार करण्याचा, आणि त्यावर सिंगापूरचा आमरीचा धंदा उभा राहिला. १८९३ मध्ये नोंदला गेलेला ‘व्हँडा मिस जोकिम’ हा संकर १९८१ मध्ये राष्ट्रीय फूल झाला. रानातल्या आमरींकडे लक्ष जायला आणखी काही वर्षे जावी लागली, हे खेदाचेच.

१९९५ पासून उद्यानाने तीच बाटली टायगर ऑर्किडसह देशी आमरींसाठी वापरायला घेतली. शेंगेतले बी प्रयोगशाळेत रुजवायचे, रोपे रोपवाटिकेत वाढवायची आणि मग रस्त्याकडेच्या, उद्यानांतल्या मोठ्या झाडांच्या फांद्यांना बांधायची, असा हा क्रम. मुळांनी सालीला घट्ट धरले की रोप आपल्या बळावर जगते.