रणभूमीवरील पॅकेट रेडिओ आणि इंटरनेटची पूर्वपीठिका

इंटरनेटचा इतिहास सामान्यतः दूरध्वनीच्या तारांनी जोडलेल्या ‘अर्पानेट’पासून (1969) सांगितला जातो. फिरत्या सैन्यदलाला मात्र तारांचे जाळे निरुपयोगीच होते. हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन यांच्या ‘अलोहानेट’ने 1971 मध्ये संगणकीय माहिती रेडिओलहरींवरून पाठविता येते हे दाखविले, परंतु तेथील संदेश एकाच मध्यवर्ती केंद्राकडे जात. युद्धात असे केंद्र म्हणजे शत्रूला आयतेच लक्ष्य. म्हणून रॉबर्ट कान यांच्या पुढाकाराने अमेरिकेच्या ‘डार्पा’ने उभारलेल्या पॅकेट रेडिओ जाळ्यात संदेश एका संचाकडून दुसऱ्याकडे असे टप्प्याटप्प्याने जात. तरीही मार्ग ठरविण्याचे काम प्रारंभी मध्यवर्ती स्थानकाकडेच राहिले, ही विसंगती लक्षणीय होय.

दि. 22 नोव्हेंबर 1977 रोजी सॅन फ्रान्सिस्को परिसरात धावणाऱ्या व्हॅनमधून निघालेले संदेश रेडिओ, तारा व उपग्रह अशा तीन जाळ्यांतून युरोपमार्गे लॉस एंजेलिस परिसरातील संगणकापर्यंत पोहोचले. रेडिओवर पॅकेट वाटेत हरवणे अटळच. ते पुन्हा पाठविण्याची जबाबदारी दोन्ही टोकांच्या संगणकांवर सोपविणारी ‘टीसीपी’ची रचना या अडचणीच्या विचारातून आकारास आली. 1 जानेवारी 1983 रोजी अर्पानेटनेही ती स्वीकारली.