वातभार (खांब, मनोरे व धुराडी)

उंचीच्या मानाने जाडी फार कमी असलेल्या बांधकामांवर वाऱ्यामुळे येणारा भार. दिव्याचे खांब, ध्वजस्तंभ, दूरचित्रवाणी मनोरे, गिरण्यांची धुराडी आणि खांबांवर उभे केलेले जाहिरातफलक या वर्गात येतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः मुंबईपुरती आहे.

गणित : भारतीय मानक 875 (भाग 3, 2015) नुसार मुंबईचा मूळ वातवेग सेकंदाला 44 मी., म्हणजे ताशी 158 किमी. धरतात. तो 10 मी. उंचीवरील 3 सेकंदांच्या झोताचा, सरासरीने 50 वर्षांत एकदा अपेक्षित असलेला वेग होय. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. या वेगाला तो दर चौ. मी.स सु. 1,160 न्यूटन भरतो. त्यावर उंची, परिसर व आकार यांचे गुणक लागतात. म्हणून गिरगाव चौपाटीवरच्या खांबाचा हिशेब वेगळा आणि आतल्या चाळींमधल्या खांबाचा वेगळा. तौक्ते वादळात (17 मे 2021) कुलाब्याला ताशी 114 किमी.चा झोत नोंदला गेला. त्याचा दाब संकल्पित दाबाच्या जेमतेम निम्मा होतो. अशा वाऱ्यात पडलेल्या खांबाचे खापर एकट्या वाऱ्यावर फोडता येत नाही.

मंद वारा : मंद वाऱ्यातही गोल खांबामागे भोवरे आळीपाळीने दोन्ही बाजूंनी सुटतात आणि खांब वाऱ्याला आडवा डोलू लागतो. भोवऱ्यांची कंप्रता साधारण 0.2 गुणिले वेग भागिले व्यास इतकी असते. ती खांबाच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळली की डोलणे वाढते आणि धातूला शीण येतो. पोलादी धुराड्यांच्या वरच्या तिसऱ्या हिश्शाला मळसूत्री पट्ट्या बसवतात त्या हे डोलणे रोखण्यासाठीच.

गिरण्यांची धुराडी : मुंबईतील पहिली कापडगिरणी 1856 मध्ये ताडदेवला सुरू झाली, पुढे परळ-लालबागचे आकाश धुराड्यांनी भरले. वीटकाम दाब सोसते, ताण सोसत नाही. त्यामुळे धुराडे वाऱ्यापुढे टिकते ते स्वतःच्या वजनावर. 1982 च्या संपानंतर बहुतेक धुराडी थंडावली. अशा धुराड्यांच्या सांध्यांत पिंपळ रुजला की चुना सुटतो. लोअर परळला फिनिक्स मिलचे धुराडे राखले आहे.

जाहिरातफलक : सर्वाधिक तपशील उपलब्ध आहे तो घाटकोपरला जाहिरातफलक कोसळून झालेल्या दुर्घटनेचा (13 मे 2024, 17 मृत्यू). महापालिकेची मर्यादा 40 × 40 फुटांची. हा फलक रुंदीलाच सु. 120 फूट होता. माटुंग्याच्या व्हीजेटीआय संस्थेच्या तपासणीचा जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार फलक ताशी 49 किमी. वाराच सोसू शकत होता. त्या दिवशी वारा ताशी 87 किमी. होता. वर्गाचा नियम लावला तर फलकावर कुवतीच्या तिपटीहून अधिक दाब आला. 158 किमी.शी तुलना केली, तर त्याची कुवत आवश्यक दाबाच्या दहाव्या भागाइतकीही भरत नाही. हा पायाचा व आकारमानाचा दोष होय. जबाबदारीचा प्रश्न न्यायालयापुढे गेला.

दूरचित्रवाणी मनोरा : वरळी, पोलादी जाळीचा, उंची सु. 300 मी.

दिव्याचे खांब : कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीजपुरवठा बेस्ट उपक्रमाचा. गणेशोत्सवात लालबाग-परळला याच खांबांना शुभेच्छाफलक बांधले जातात. 2 चौ. मी.चा एक फलक म्हणजे 15 सेंमी. जाडीच्या खांबाची 13 मी. लांबी वाऱ्यापुढे नव्याने उभी करणे. शिवाय सपाट पृष्ठावर गोलाहून जास्त भार येतो. उत्सव सरतो, सुतळीने बांधलेले फलक राहतात. वाकवणारा जोर सर्वांत जास्त असतो तो तळाशी, आणि खाऱ्या हवेत गंजही तिथेच धरतो : फरशीलगतचा वीतभर पट्टा, जोडणीचे पत्र्याचे दार, बोल्टांच्या मुळाशी साचलेले पाणी. पावसाळ्याआधी रंगाचा हात मारल्याने हा पट्टा झाकला जातो, मजबूत होत नाही. तपासणी रंग खरवडूनच व्हायला हवी.