रुसुमापासून पेन्शनपर्यंत

बिदर, भालकी, औराद, आळंद या टापूतील आपल्या जुन्या घरांतून एक लाकडी पेटी हमखास आढळते. तीत सनदा, रुसुमाच्या पावत्या आणि कोणालाही धड न वाचता येणारे उर्दू कागद असतात. म्हातारपणाची तरतूद हा विषय हल्लीचा, असे आपण समजतो. या पेटीकडे पाहिले तर तसे वाटत नाही.

पहिल्या सालारजंगांनी (दिवाणगिरी 1853 ते 1883) महसुलाची मक्तेदारी मोडून जिल्हाबंदी केली, तेव्हा देशमुख-देशपांडे यांची वसुली गेली आणि तिच्या मोबदल्यात रोख रुसूम मिळू लागला. वसुलीचे काम सुटले तरी पैसा घरी येत राहिला. आपल्या पूर्वजांचे हेच एका अर्थाने पहिले निवृत्तिवेतन. त्याशिवाय कोणाला इनाम, कोणाला मनसब, कोणाला युमिया. मात्र हे सारे दरबारच्या मेहेरबानीवर चालणारे होते, हे विसरू नये.

सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर ही व्यवस्था दहा वर्षांच्या आत आटोपली. 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या, 1952 मध्ये अतियात चौकशीचा कायदा आला, 1955 मध्ये इनामे रद्द झाली. उरलीसुरली कुळाकडची जमीन 1 मार्च 1974 पासून सरकारजमा झाली. हे कायदे न्याय्य होते, असेच माझे मत आहे. कुळानेही म्हातारपण काढायचेच होते. पण ज्या विधवा आत्या-माम्यांचा सारा आधार खंडावर होता, त्यांना हा न्याय फार महाग पडला.

नाण्याचाही घोळ होता. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा दर होता. हाली नाणे कायद्याने पूर्णपणे रद्द झाले ते 1959 मध्ये. सत्तर हालीचा माणूस साठ रुपयांवर आला. मोल तेच असले तरी आमच्या आजोबांना आपण लुटलो गेलो असेच अखेरपर्यंत वाटे.

आमचे वडील निजामी अमलात तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले आणि 1 नोव्हेंबर 1956 ला, खुर्ची न सोडता, म्हैसूर राज्याचे नोकर झाले. त्यांची जन्मतारीख सेवापुस्तकात फसली सनात होती : तीर 1328. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळासाठी 590 आणि पुढील महिन्यांसाठी 591 मिळवावे लागत. तीर म्हणजे साधारण मे. तेव्हा जन्म 1919 चा. पुस्तकाची नक्कल करणाऱ्याने सरसकट 590 मिळवून 1918 लिहिले. वडिलांनी दोन अर्ज केले, उत्तर आले नाही. एक वर्ष आधी निवृत्त झाले; त्या वर्षाचा पगार गेला आणि पेन्शनच्या हिशेबातील एक वर्षही गेले. त्याच साली थोरल्या बहिणीचे लग्न ठरले होते. घरामागची पडीक जागा विकली गेली ती तेव्हा.

पेन्शन ही बक्षिसी नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात 17 डिसेंबर 1982 ला स्पष्ट केले. वडिलांना तो निकाल मी वाचून दाखविला. “मग रुसूम काय होता?” एवढेच त्यांनी विचारले.

मी स्वतः जुन्या पद्धतीचा निवृत्तिवेतनधारक. 1 एप्रिल 2006 पासून नोकरीत आलेल्यांसाठी कर्नाटकाने अंशदानाची योजना आणली. त्यात पगाराचा दहावा हिस्सा कापला जातो, सरकार आपला वाटा घालते, आणि अखेरीस किमान 40 टक्के रकमेची वार्षिकी घ्यावी लागते. हाती किती पडेल ते बाजारावर. आमच्या पुतणीला हा हिशेब समजावून देताना मीच दोनदा अडखळलो. शेवटी तिला एवढेच सांगितले, की सेवापुस्तकातील प्रत्येक नोंद दरवर्षी स्वतः तपासून तिची नक्कल घरी ठेव. तिने ती आणून पेटीत, आजोबांच्या त्या दोन अर्जांवर ठेवली आहे.