विद्वत्तेच्या लेखनाचा धर्म

महाभारत लिहावयास साक्षात् गणपती बसला, ही कथा मराठी घरात कोणास नव्याने सांगावी लागत नाही. लेखणी थांबता कामा नये ही गजाननाची अट, आणि अर्थ उमगल्यावाचून एक अक्षरही उतरू नये ही व्यासांची. असे असता, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३३ साली पूर्ण केलेल्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा मूळ संहितेमध्ये शोधू गेल्यास सापडत नाही. ती परिशिष्टात आहे. भाद्रपदात घरोघर गणपती बसविणाऱ्या नगरीतील संस्थेने तिला तेथे स्थान दिले. हे तिने का व कोणत्या रीतीने केले, एवढे पाहिले तरी विद्वत्तेच्या लेखनाचे नियम काय असतात, हे आपल्या ध्यानात येईल.

महाभारताची अशी आवृत्ती व्हावी, ही मागणी मोरिझ विंटरनित्स यांनी १८९७ साली पॅरिस येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत केली होती. पुण्यात हे कार्य १९१९ साली हाती घेण्यात आले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले. १९२३ साली ना. बा. उटगीकर यांनी विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती सिद्ध केली, आणि ती विद्वानांपुढे मुद्दाम टीकेसाठी ठेवण्यात आली. काम पुरते होण्यापूर्वीच जाणत्यांकडून त्यातील उणिवा काढवून घेण्याची ही रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९२५ साली विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला संस्कृत भाषाशास्त्र शिकून आलेला हा पुरुष. गणिताची शिस्त त्यांच्या संपादनात पानोपानी दिसते.

त्यांच्यापुढील प्रश्न काय होता? शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा नाना लिप्यांत पोथ्या विखुरलेल्या. एकीत असलेला श्लोक दुसरीत नाही. एकीतला अध्याय दुसरीत दुप्पट. सर्व पर्वांचे काम संपेपर्यंत एकंदर १२५९ हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली. शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही पाठ जुळविण्याची केंद्रे होती. एवढ्या गर्दीत निवाडा करावयाचा तो साक्षीदारांच्या संख्येवरून करून चालत नाही. एकाच पोथीवरून उतरलेल्या पन्नास पोथ्या म्हणजे वास्तविक एकच साक्ष होय. उलट, काश्मीरची शारदा पोथी आणि केरळातील मलयाळम पोथी यांची एकमेकींशी गाठ पडण्याचा संभव फार थोडा. त्या दोघी एकच शब्द सांगू लागल्या, तर तो शब्द पुष्कळ जुना असला पाहिजे. गणपतीची कथा या तुलनेत मागाहून आलेली ठरली. आवडनिवड हा तेथे प्रश्नच नव्हता.

आता छापलेल्या पानाकडे पाहावे. वर संहिता, आणि तिच्याखाली निरनिराळ्या पोथ्यांतील पाठभेद, प्रत्येक पोथीच्या खुणेसह. जे श्लोक संहितेबाहेर ठेवले, ते ताऱ्याची खूण व अनुक्रमांक देऊन तेथेच तळाशी छापले. लांबलचक प्रकरणे परिशिष्टांत दिली. ज्या शब्दाविषयी संपादकास पुरती खात्री नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढली. १९४४ साली अमेरिकन पंडित फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिलेल्या सभापर्वात द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचे श्लोक संहितेत नाहीत. कीर्तनातून तो प्रसंग ऐकून डोळे पुसलेल्या वाचकास हे खटकणे स्वाभाविक आहे. परंतु ते श्लोक नाहीसे झालेले नाहीत. ते त्याच ग्रंथात आहेत, आणि संपादकाचा निर्णय ज्यास पटत नसेल त्यास त्याविरुद्ध वाद घालण्याची सर्व सामग्री संपादकानेच पुरविली आहे.

विद्वत्तेच्या लेखनाचा मुख्य धर्म मला यातच दिसतो. लेखकाने आपले मत खुशाल ठामपणे मांडावे. मात्र ते खोडून काढण्याची साधनेही वाचकाच्या हाती द्यावीत. तळटीप, पाठभेद, आधाराचा निर्देश हे पांडित्याचे अलंकार नव्हेत. वाचकाने आपल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, यासाठी केलेली ती व्यवस्था आहे.

दुसरा धर्म म्हणजे आपल्या दाव्याची मर्यादा आखून घेणे. व्यासांचे मूळ शब्द आपण शोधून काढले, असे सुखटणकरांनी कधी म्हटले नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके मागे जाणे, एवढेच आपले कार्य, असे त्यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांचे म्हणणे असे होते की, ही पुनर्रचनेची खटपट सोडून नीलकंठांचा प्रचलित पाठच छापावा व खाली पाठभेद द्यावेत. हे नीलकंठ चतुर्धर सतराव्या शतकातले, काशीस राहिलेले प्रसिद्ध टीकाकार. सुखटणकरांनी हा आक्षेप दडविला नाही. आपल्या प्रस्तावनेत मांडून त्यास उत्तर दिले, आणि तेही व्यक्तीला न बोचता.

पुढे नेपाळातून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी उजेडात आली. सुखटणकरांनी तिची छाननी केली, तेव्हा त्यांनी पूर्वीच निवडलेल्या पुष्कळ पाठांना तिने दुजोरा दिला. आधार उघड मांडलेले असल्यामुळेच नव्या पुराव्याने जुन्या निर्णयाची अशी परीक्षा घेता आली. २१ जानेवारी १९४३ रोजी सुखटणकर निवर्तले. श्री. कृ. बेलवलकर आणि त्यांच्यानंतर प. ल. वैद्य यांनी धुरा वाहिली, आणि सप्टेंबर १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन् यांच्या उपस्थितीत संहितेची पूर्तता जाहीर झाली. संपादक बदलले तरी काम अडले नाही, कारण नियम लिहून ठेवलेले होते.

आपल्यापैकी अनेकजण आपल्या घराण्याचा, गावाचा, एखाद्या जुन्या संस्थानाचा वृत्तांत लिहितात. इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्यापासून बेळगावपर्यंत असे लेखन होत आले आहे, आणि ते व्हावयासच हवे. लिहिताना कागद कोणता, तो कोठे आहे, त्याच्या विरुद्ध सांगणारा दुसरा कागद आहे काय, आणि आपला तर्क कोठून सुरू झाला, एवढे नोंदवावे. पूर्वजांच्या पराक्रमाची एखादी आवडती गोष्ट पुराव्यास उतरली नाही, तर ती पुसून टाकू नये आणि खरी म्हणून रेटूही नये. तिला परिशिष्टात जागा द्यावी. प्रत्यक्ष गणरायाच्या कथेलाही ती जागा कमी वाटली नाही.