परवाना आणि पाहुणचार

हिब्रू धर्मग्रंथांत ‘गेर’ हा शब्द नव्वदाहून अधिक वेळा येतो. ज्याचे स्वतःचे कुळ जवळ नाही, ज्याच्या मालकीची जमीन नाही आणि जो दुसऱ्यांच्या गावात वस्तीला येऊन राहिला आहे, अशा माणसाला उद्देशून तो वापरला आहे. मराठी बायबलात त्यासाठी ‘परदेशीय’, ‘उपरी’ असे शब्द योजलेले आढळतात. लक्ष्मण माने यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘उपरा’ या आत्मकथनामुळे या दुसऱ्या शब्दातील वेदना मराठी वाचकाला चांगली परिचित आहे. या उपऱ्याशी प्रेमाने वागावे, अशी आज्ञा लेवीय ग्रंथात इस्राएलाला दिली आहे. तिचे जे कारण तेथे दिले आहे ते लक्षात घेण्याजोगे आहे. दया किंवा पुण्य यांचा आधार न घेता ती आज्ञा स्मरणावर उभी केली आहे: तुम्ही स्वतः एकेकाळी मिसर देशात उपरे होता. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात ख्रिस्त याही पुढे जातो आणि दारात आलेल्या परक्याच्या ठिकाणी स्वतःलाच उभे करतो.

बायबल हेच अंतिम प्रमाण मानणारा आणि व्यक्तीच्या हृदयपरिवर्तनावर व सुवार्तेच्या प्रसारावर भर देणारा जो प्रॉटेस्टंट प्रवाह अठराव्या शतकात ब्रिटन आणि अमेरिकेत बळावला, त्याला इव्हँजेलिकल किंवा सुवार्तावादी म्हणतात. स्थलांतरितांविषयी या प्रवाहाची भूमिका कोणती, हा प्रश्न अलीकडे अमेरिकेच्या संदर्भात वारंवार चर्चिला जातो. त्याचे उत्तर बहुधा प्रवचनांत आणि राजकीय निवेदनांत शोधले जाते. परंतु या प्रवाहाच्या इतिहासातच एक प्रकरण असे आहे की, ज्यात सुवार्तावादी मंडळी यजमानाच्या जागी नसून उपऱ्याच्या जागी आहेत. ते प्रकरण भारतात घडले, आणि मराठी मुद्रणाच्या आरंभकाळाशीही त्याचा संबंध आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात कंपनीच्या परवान्याविना पाऊल ठेवण्यास इंग्रजी प्रजाजनांना मनाई होती. व्यापाराची मक्तेदारी राखणे हा तिचा मुख्य हेतू. त्याला धर्मप्रचारामुळे प्रजा बिथरेल या भीतीची जोड मिळाली. १७९३ साली कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण झाले. तेव्हा मिशनरी आणि शिक्षक यांना हिंदुस्थानात पाठविण्याची तरतूद व्हावी म्हणून विल्यम विल्बरफोर्स यांनी पार्लमेंटात खटपट केली, पण ती निष्फळ ठरली. त्याच वर्षी पूर्वाश्रमीचे चांभार आणि बॅप्टिस्ट पंथाचे पाळक विल्यम कॅरी हिंदुस्थानला निघाले. त्यांचे सहकारी डॉक्टर जॉन टॉमस यांच्यासह ते प्रथम एका इंग्रजी जहाजावर चढले. परवाना नसलेले प्रवासी जहाजावर असल्याची वर्दी दिली जाणार आहे, असा इशारा कप्तानाला मिळाला आणि दोघांनाही सामानासह उतरविण्यात आले. अखेर १३ जून १७९३ रोजी डोव्हरहून एका डॅनिश जहाजाने कॅरी निघाले. सोबत प्रथम येण्यास नाखूश असलेली पत्नी डोरोथी, तिची बहीण आणि चार मुले होती. चौथे मूल अवघ्या काही आठवड्यांचे होते. नोव्हेंबरात हे कुटुंब कलकत्त्यास पोहोचले. आजच्या सरकारी परिभाषेत त्यांना बेकायदा स्थलांतरित असेच म्हटले गेले असते.

पहिले महिने हलाखीचे गेले. बरोबरचा पैसा संपला. माणिकतला येथील बागेतले लहानसे घर एका बंगाली सावकाराने राहावयास दिले; पुढे सुंदरबनाच्या कडेला कंपनीच्या मिठाच्या खात्यातील एका इंग्रज अधिकाऱ्याने या अनोळखी कुटुंबाला आपल्या घरी आसरा दिला. १७९४ साली जॉर्ज उडनी यांनी मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्याची व्यवस्था कॅरींकडे सोपविली, आणि निळीच्या धंद्यातला माणूस म्हणून त्यांचे वास्तव्य कायदेशीर झाले. धर्मोपदेशकाला नाकारलेला परवाना कारखानदाराला मिळू शकत होता. त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर अतिसाराने दगावला आणि डोरोथीचे मानसिक संतुलन कायमचे ढळले. १८०७ साली तिचा मृत्यू झाला. परदेशगमनाची किंमत कोणाला मोजावी लागते याची नोंद गौरवग्रंथांत क्वचितच ठळकपणे केली जाते.

१७९९च्या ऑक्टोबरात जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड आणि त्यांचे सहकारी एका अमेरिकी जहाजाने आले. त्यांच्याजवळही परवाना नव्हता. कलकत्त्यास न उतरता ते थेट हुगळीच्या काठावरील सेरामपूर या डॅनिश वसाहतीत गेले. कलकत्त्याच्या अधिकाऱ्यांनी जहाजाच्या कप्तानास अडवून धरले आणि या मंडळींना परत नेण्याचा आग्रह धरला. सेरामपूरचे गव्हर्नर कर्नल ओले बी यांनी मात्र त्यांना स्वाधीन करण्यास नकार दिला आणि डॅनिश संरक्षणाखाली घेतले. डॅनिश पासपोर्ट घेऊनच वॉर्ड कॅरींना आणण्यासाठी आतल्या मुलखात गेले. १० जानेवारी १८०० रोजी कॅरी सेरामपुरास आले आणि त्या मिशनची व छापखान्याची उभारणी सुरू झाली. एका छोट्या राष्ट्राच्या छोट्या ठाण्यावरील अधिकाऱ्याने बलाढ्य शेजाऱ्याची नाराजी पत्करून दिलेला हा आसरा नसता, तर त्या छापखान्याचा इतिहास निराळा झाला असता. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीचेही अध्यापन करणाऱ्या कॅरींचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली सेरामपुरास छापला गेला. या कामी त्यांना पंडित वैजनाथशर्मा यांचे साहाय्य होते. मराठी गद्याच्या अभ्यासकाला ही पुस्तके परिचित असतात; त्यांच्यामागे असलेला आश्रयाचा इतिहास सहसा परिचित नसतो.

१० जुलै १८०६ रोजी वेल्लोर येथे शिपायांचा उठाव झाला. पगडी आणि जातिचिन्हे यांविषयीचे लष्करी हुकूम हे त्याचे निकटचे कारण; परंतु ठपका मिशनऱ्यांवरही ठेवला गेला. त्याच सुमारास आलेल्या चॅटर आणि रॉबिन्सन या दोघांना परत जाण्याचा हुकूम झाला. डॅनिश अधिकाऱ्यांनी ते आपल्या संरक्षणाखाली आहेत असे कळविले, तरी चॅटर यांनी अखेर ब्रह्मदेशाची वाट धरली. १८०८ साली युरोपातील युद्धामुळे इंग्रजांनी सेरामपूरच ताब्यात घेतले आणि तो आडोसाही गेला.

सर्वांत कसोटीचे वर्ष १८१२ हे होय. त्या वर्षी अमेरिकेतून पाठविलेल्या मिशनऱ्यांच्या दोन तुकड्या कलकत्त्यास आल्या. याच सुमारास ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्ध सुरू झाले होते. सर्वांना देश सोडण्याचा हुकूम मिळाला. सॅम्युएल न्यूएल आणि त्यांची पत्नी हॅरिएट मॉरिशसकडे निघाले. वाटेत जहाजावर जन्मलेली मुलगी काही दिवसांतच वारली आणि नोव्हेंबरात मॉरिशस येथे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी हॅरिएटही मरण पावली. ॲडोनिराम जडसन अनेक वळणे घेत १८१३ साली रंगूनला पोहोचले. नव्याने आलेल्या इंग्रज मिशनऱ्यांपैकी जॉन्स यांना इंग्लंडला परत पाठविण्यात आले. लॉसन यांना मात्र चिनी अक्षरांचे खिळे तयार करण्याच्या कामी गरज आहे म्हणून राहू दिले. परक्याची उपयुक्तता पाहून दार किलकिले करण्याची राज्यकर्त्यांची रीत जुनीच आहे.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांनी मुंबईची वाट धरली. फेब्रुवारी १८१३मध्ये ते तेथे उतरले. त्यांना इंग्लंडला रवाना करावे असा कलकत्त्याचा आदेश होता. गव्हर्नर सर इव्हान नेपियन व्यक्तिशः सहानुभूती बाळगणारे होते, तथापि हुकमाने बांधलेले होते. नोव्हेंबरात दोघेजण गुपचूप गलबताने कोचीनपर्यंत गेले. तेथून त्यांना पकडून मुंबईस आणण्यात आले. त्यानंतर त्यांनी नेपियन यांच्याकडे जे कळकळीचे निवेदन केले, त्यात ईश्वराच्या न्यायासनापुढे राज्यकर्त्यालाही उत्तर द्यावे लागते, असा युक्तिवाद होता. हद्दपारी लांबणीवर पडली आणि पुढे लंडनहून अनुकूल निर्णय आला. दरम्यान १८१३च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना परवाना मिळण्याचा मार्ग खुला केला होता. हॉल यांनी सुरू केलेल्या कार्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. त्याच मिशनने पुढे अहमदनगर येथे १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू केले. १८२६च्या मार्चमध्ये नाशिकच्या दौऱ्यावरून परतताना हॉल पटकीने मरण पावले.

या इतिहासाकडे भाबडेपणाने पाहून चालणार नाही. ही माणसे जिंकल्या जात असलेल्या देशात आली होती आणि त्यांचा वर्ण, त्यांची भाषा व लंडनमधील त्यांचे हितचिंतक हे त्यांचे मोठे भांडवल होते. आजच्या निर्वासिताजवळ यांपैकी काहीही नसते. शिवाय ती इथल्या लोकांचा धर्म बदलावा म्हणून आली होती, आणि त्याविषयी इथल्या समाजाला वाटलेली धास्ती निराधार म्हणता येत नाही. तरीही एक गोष्ट उरते. कायद्याचे पालन आणि परक्याचे स्वागत यांपैकी कशाला अग्रक्रम द्यावा, हा पेच या परंपरेला प्रथम पडला तो स्वतःच्याच प्रवासात. अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे असे सांगणारा रोमकरांस पत्रातील तेरावा अध्याय कॅरी आणि हॉल यांना चांगला ठाऊक होता. तो ठाऊक असूनही ते परवान्याविना आले आणि राहिले.

या स्मरणाचा उपयोग पुढे झाला का? याचे उत्तर संमिश्र आहे. कंपनीच्या जहाजांवरून सिल्हेट, चितगाव, गुजरात, कोकण अशा प्रदेशांतले खलाशी लंडनला जात. परतीचे जहाज मिळेपर्यंत हे ‘लस्कर’ थंडीत उपाशी राहत; कित्येक रस्त्यावरच मरत. १८२३च्या कायद्याने त्यांना ब्रिटिश खलाशांचा दर्जाही नाकारला. मिशनरी संस्थांशी संबंधित सुवार्तावादी मंडळींनी पुढाकार घेऊन १८५७ साली लंडनच्या लाइमहाउस भागात आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण सागरातील बेटवासी यांच्यासाठी ‘स्ट्रेंजर्स होम’ म्हणजे परक्यांचे घर उघडले. महाराजा दुलीपसिंग यांनी त्यास देणगी दिली होती. लंडन सिटी मिशनचे जोसेफ सॉल्टर हिंदुस्थानी शिकून तेथे काम करीत. या घराने अनेकांना छप्पर दिले. परंतु त्यांना लवकर मायदेशी धाडणे आणि जमल्यास ख्रिस्ती करणे हेही त्याचे हेतू होते. परक्याला थोपवून न धरता निरोप देण्याची घाई करणारे असे ते आतिथ्य होते.

याहून निराळे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडिलांचा मृत्यू पाहिलेल्या, भावासह देशभर पायी भटकलेल्या आणि पुढे इंग्लंड-अमेरिकेत परकेपण अनुभवलेल्या रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुली व स्त्रिया त्यांनी सोबत आणल्या. केडगाव येथील मुक्ती सदनात मराठी नसलेल्या, ओळखपाळख नसलेल्या शेकडो जणींना घर मिळाले. स्वतः सोसलेल्या उपासमारीच्या आठवणीनेच आपण या कामाकडे वळलो, असे त्यांनी नमूद केले आहे. लेवीय ग्रंथातील आज्ञेचे कारण येथे एका मराठी स्त्रीच्या चरित्रात प्रत्यक्षात उतरलेले दिसते.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, तेथील सुवार्तावादी मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने मदतकार्य सुरू केले; त्यातूनच ‘वर्ल्ड रिलीफ’ ही संस्था उभी राहिली. १९७५ साली सायगावचा पाडाव झाल्यानंतर अनेक चर्चमंडळ्यांनी व्हिएतनामी कुटुंबांचे पालकत्व पत्करले. २०१२ साली सुवार्तावादी नेत्यांनी एकत्र येऊन कायद्याचा मान, कुटुंबाची अखंडता आणि मानवी प्रतिष्ठा या तिन्ही तत्त्वांवर स्थलांतरविषयक सुधारणांची मागणी केली. तथापि याच समाजातील गोऱ्या मतदारांचा मोठा भाग कडक निर्बंधांच्या बाजूने उभा राहिला. जून २०१८मध्ये सीमेवर मुलांची आईबापांपासून ताटातूट होत असताना, त्या धोरणाच्या समर्थनार्थ अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलांनी रोमकरांस पत्राच्या त्याच तेराव्या अध्यायाचा दाखला दिला. त्यावर अनेक सुवार्तावादी पाळकांनीही जाहीर नापसंती व्यक्त केली. जानेवारी २०२५मध्ये निर्वासितांच्या प्रवेशाचा कार्यक्रम स्थगित झाला, तेव्हा हीच दुफळी पुन्हा दिसून आली.

दोन्ही पक्ष एकाच ग्रंथाला प्रमाण मानतात. म्हणून केवळ वचनांना वचने भिडवून हा वाद मिटण्याजोगा नाही. पण ज्या ग्रंथाने परक्याविषयीची आज्ञा स्मरणावर उभी केली, त्याच्या अनुयायांना आपल्या पूर्वजांचेही स्मरण ठेवावे लागते. माणिकतल्याच्या सावकाराने आणि ओले बी यांनी परक्यांना दार उघडले, तेव्हा त्यांपैकी कोणीही आधी परवाना पाहिला नव्हता. त्या आश्रयाखाली जी माणसे तगली, त्यांच्या छापखान्यात मराठीचे व्याकरण खिळ्यांत बसविले गेले. आणि कोचीनहून पकडून आणलेले हॉल मुंबईत मराठी शिकत राहिले.